दोरोतेयामावशींचं नाव अखेर दारावर लागलं

खर्रर्र… टक्!

दुपारच्या शांततेत स्वयंपाकघरातल्या प्रिंटरनं असा गळा काढला, की मी श्वासच रोखून धरला. आतल्या खोलीत कालिनानं कूस बदलली, अंगठा चोखला आणि पुन्हा झोपली. सुटले! चार वर्षांच्या मुलीची आई जे काही महान कार्य करते, ते याच एका तासात करते. आणि माझं कार्य खरोखरच महान होतं!

डॅन्यूबकाठच्या आमच्या गावात विसरले गेलेले जितके म्हणून कलावंत आहेत, त्या सगळ्यांच्या मुलाखती घ्यायच्या, फोटो काढायचे आणि वाचनालयाच्या सभागृहात प्रदर्शन मांडायचं. माणसं हयात असताना! गाव नुसतं लोटेल, याविषयी मला तिळमात्र शंका नव्हती.

पहिला मान दोरोतेयामावशींचा. त्यांनी उभं आयुष्य सर्कशीत, जादूगार ओर्लांडोच्या पेटीत काढलं. पेटीतल्या बाईला करवतीनं मधोमध कापायचा तो खेळ!

"म्हणजे तुम्हालाच कापायचे?" मी विचारलं. मांडीवर कालिना, हातात रेकॉर्डर.

"रोज. रविवारी दोनदा. पण मी पाय होते गं."

"पाय?"

"पेटीत दोघी असतात, बाळा. एकीचं डोकं बाहेर, दुसरीचे पाय बाहेर. डोकी बदलत गेली, पाय मात्र शेवटपर्यंत माझेच! टाळ्या डोक्याला, फुलं डोक्याला. मेल्या ओर्लांडोनं लग्नसुद्धा डोक्याशीच केलं!"

मी हसले. त्या नाही हसल्या. कॉफीचा कप बशीत फिरवत म्हणाल्या, "कुठल्याच जाहिरातीवर माझं नाव कधी आलं नाही बघ. तू लावशील? आणि चेहरा? येतील का गं लोक चेहरा बघायला?"

"सभागृहात पाय ठेवायला जागा उरणार नाही!" मी म्हणाले. रेकॉर्डरवर हे वाक्य अजून आहे. त्याच्या पाठोपाठ कालिनाचं "आई, शू!"

तर, जाहिरात. रंगीत शाई कालिनासाठी छापलेल्या मोरांनी पिऊन टाकली होती, म्हणून फोटो काळापांढरा छापला. उठून दिसावा म्हणून भोवती काळी चौकट. खाली ठळक अक्षरांत नाव. त्याखाली जन्मसाल आणि एक रेघ: १९४१ –. रेघेपुढची जागा मुद्दाम मोकळी. बाईंचं आयुष्य अजून चालू आहे, हे सुचवायला! वर एक ओळ, 'आम्ही तुम्हाला विसरलो नाही'. आणि अगदी तळाशी, रविवारी पाच वाजता सभागृहात या, असं निमंत्रण.

मग कालिनाला कडेवर घेऊन मी ते कागद जिथे सगळ्यांची नजर जाते तिथे डकवले. मावशींच्या इमारतीचं दार, बसथांबा, बेकरी.

आता, आमच्याकडे माणूस गेलं की काळ्या चौकटीतला त्याचा फोटो नेमका याच जागी लागतो. चाळिसाव्या दिवशी पुन्हा लागतो, वर्षानं पुन्हा. मी जन्मल्यापासून हे बघत आलेय. पण रात्रभर मुलीच्या लाथा खाल्लेल्या बाईच्या डोक्यात काय काय म्हणून राहील?

तरी तळाशी निमंत्रण होतं हो! पण इमारतीची व्यवस्था बघणाऱ्या म्लादेनकाकांनी 'गुरुवारी पाणी बंद' हा त्यांचा कागद नेमका त्याच्यावरच चिकटवला. बेकरीत त्याच्यावर पावाचे नवे भाव आले. बसथांब्यावर हरवलेलं मांजर.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेकरीवाल्या गिनाचा फोन! "रालित्सा, अगं काय हे! आहेत कुठे आता दोरोतेया?"

"घरीच असतील की."

"घरीच ठेवलंय? या उन्हाळ्यात?"

मला काही कळेना. मग एकदम कळलं! अंगात झोपेचाच झगा, काखेत कालिना, तिच्या एका पायात बूट आणि दुसऱ्यात काही नाही, अशी मी धावत सुटले.

मावशींच्या जिन्यावर ही गर्दी! पहिल्या मजल्यापासून चौथ्यापर्यंत काळे कपडे. प्रत्येकाच्या हातात फुलं, तीही सम संख्येत, मेलेल्याला देतात तशी. गिना माझ्याआधीच दुकान बंद करून पोहोचली होती. हातात साखर घातलेल्या उकडलेल्या गव्हांचं पातेलं, मेलेल्याच्या नावानं वाटतात ते. बेल वाजवायचा धीर मात्र कुणाला होईना. म्लादेनकाका टोपी छातीशी धरून म्हणत होते, "आपल्या गावाचा तारा निखळला!"

"थांबा! थांबा!" मी तळातून ओरडले.

"रांगेत या!" वरून कुणीतरी खेकसलं.

गर्दीतून वाट काढत मी चौथ्या मजल्यावर पोहोचते, तोच दार उघडलं. केसांत गुलाबी रोलर अडकवलेल्या दोरोतेयामावशी! जिनाभर नजर फिरवून त्यांनी दोन्ही हात गालांवर ठेवले.

"अगंबाई! एवढी माणसं? रविवार आजच आहे का?"

गिनानं अशी किंकाळी फोडली, की पातेलं उलटलं आणि गहू थेट तळमजल्यापर्यंत पोहोचले. म्लादेनकाका भराभर छातीवर क्रूस काढत सुटले. मग सगळे माझ्याकडे वळले.

"लाज नाही वाटत? मी दुकान बंद केलं!"

"मी रात्रभर रडले, त्याचं काय?"

"हे गहू कोण खाणार आता?"

मी घशाला कोरड पडेपर्यंत समजावलं. प्रदर्शन, निमंत्रण, पाणी बंद, मांजर. ऐकतंय कोण! एका बाईंनी तेवढी माणुसकी दाखवली. हातातल्या सहा फुलांतलं एक उपसून त्यांनी पिशवीत टाकलं आणि उरलेली पाच मावशींच्या हातात कोंबली. जिवंत माणसाला विषम लागतात ना!

"म्लादेन, हातातल्या कागदावर भाषणही लिहून आणलंय?" मावशींनी विचारलं. "वाचा की. मी ऐकते."

म्लादेनकाकांनी कागद खिशात कोंबला. "जिवंत माणसासमोर कसं वाचणार? सगळं चांगलंच लिहिलंय!"

"बरं, मग रविवारी या हं सगळे," मावशी दारातूनच मोठ्यानं म्हणाल्या. "माझा चेहरा लावलाय!"

"बघू," कुणी म्हणालं. "रविवारी मुलीकडे जायचंय," आणखी कुणी. जिना उतरताना गिना पुटपुटली, "चेहरा बघितला की आता!"

रविवारी पाच वाजता सभागृहात माझा नवरा ओग्न्यान होता. पाहुण्यांसाठी भाजलेला चीजचा बानित्सा त्यानं संपवायला घेतला होता, वाया जाऊ नये म्हणून. मी होते, कालिना होती. मावशी चमकीचा निळा झगा घालून आपल्या फोटोसमोर पहिल्या रांगेत बसल्या होत्या. मागे खुर्च्याच खुर्च्या. दारात जरा चाहूल लागली, की त्या मान वळवायच्या आणि केस सारखे करायच्या.

"थांबू या अजून थोडं," त्या म्हणाल्या. "लोकांना उशीर होतोच."

आम्ही थांबलो. ओग्न्याननं उगीचच दिवे तपासले. मी एक सरळ फोटो आणखी सरळ केला.

कालिना मावशींच्या मांडीवर चढली. आधी तिनं रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं, मग मावशींच्या चेहऱ्याकडे, मग माझ्याकडे. सभागृहभर ऐकू जाईल अशा आवाजात तिनं विचारलं,

"आई, मग आजीला बघायला लोक येणार तरी कधी?"