रहाटे सिस्टरांचं सुतक

आमच्या रहाटे सिस्टरना जादा ड्युटीला बोलावलं की त्यांचं कुणीतरी मरतं.

यात माझा दोष नाही. मी फक्त फोन करतो. रत्नागिरीबाहेर सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, आमचा वृद्धाश्रम आहे आणि मी तिथला मॅनेजर. मॅनेजर हा शब्द ऐकायला बरा. प्रत्यक्षात मी फोनवरून भीक मागतो. हव्यात त्याच्या निम्म्याच बायका कामाला, त्यातली एखादी रोज गैरहजर. मग उरलेल्यांपैकी कुणाला तरी "आजच्या दिवस पुढची पाळीही करता का?" असं विचारायचं, ही माझी नोकरी.

मी गोडीने सुरुवात करतो.

"सिस्टर, जेवलात का?"

"जेवण विचारलंत म्हणजे आज कोण आलं नाय, भाऊ?"

"तसं नाही, पण..."

"नाय ओ जमणार. आमच्यात सुतक पडलंय. मळेवाडीचे काका गेले."

एक माणूस गेला की सगळ्या भावकीला दहा दिवस सुतक, आणि रहाट्यांची भावकी हातखंब्यापासून खेडपर्यंत पसरलेली. माल कमी पडत नाही. गंमत अशी, की सुतकातही सिस्टर स्वतःच्या पाळीला मात्र ठरल्या वेळी हजर. सुतक लागायचं ते फक्त जादा ड्युटीला. एकदा मी धीर करून विचारलंच.

"पगाराचं काम सुतकात चालतं, भाऊ," त्या थर्मामीटर झटकत म्हणाल्या. "पोट असतं, ते देवाला कळतं. जादा काम म्हणजे हौस. सुतकात कोण हौस करतं?"

या शास्त्रापुढे मी हात टेकले.

मळेवाडीचे काका पुढच्या शिमग्यात पुन्हा गेले. "अहो, ते मागेच गेले ना?" मी म्हटलं. "तेव्हा वाचले ओ," सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "आता गेले." पुढे हातखंब्याला चहाच्या टपरीवर एक काटक म्हातारा शेजारी येऊन बसला, मळेवाडीचा रहाटे म्हणून ओळख दिली आणि माझ्या बशीतली भजी खाऊ लागला. भूत समजून मी हात जोडायचेच बाकी होते. दुसऱ्या दिवशी सिस्टरना हे सांगितलं. मला वाटलं, लाजतील. त्यांनी आवाज खाली आणला. "त्यांना काय सांगितलं नाय ना तुम्ही? फार मनाला लावून घेतात."

आता तुम्ही म्हणाल, कामचुकार बाई. मीही म्हणायचो. पण "हो" म्हणणाऱ्या मुलींचं काय झालं ते मी पाहिलंय. गोड स्वभावाच्या मुली. एका फोनवर यायच्या. मग मी त्यांनाच फोन करायचो, कारण त्या येतात. वर्ष संपायच्या आत एकीची कंबर जायची, दुसरी जयगडला बंदरावरच्या ऑफिसात चिकटायची. इतक्या वर्षांत टिकल्या त्या एकट्या रहाटे सिस्टर.

आमचे ट्रस्टी मुंबईला असतात. आंब्याच्या दिवसांत येतात, आज्यांना एकेक केळं देऊन फोटो काढतात आणि पेट्या घेऊन जातात. एकदा त्यांनी आम्हा सगळ्यांना उभं करून सांगितलं, "सेवाभाव वाढवा."

"सेवाभाव वाढवला, साहेब," मागून सिस्टर म्हणाल्या. "माणसं कधी वाढवताय?"

साहेबांनी केळं सोललं आणि स्वतःच खाल्लं.

सिस्टरांची ही मृतांची यादी सगळ्यात आवडीने ऐकायच्या इंदूआजी. खिडकीजवळची खाट त्यांची. पुतण्या त्यांना इथे सोडून गेला, तो परत काही आला नाही. दोघींचं रोज वाजायचं: चहा पांचट आहे, गोळी घशात अडकते, उशी उंच आहे. पण सिस्टरांचा फोन वाजला, की आजी कान टवकारायच्या.

"आज कुणाला मारलंस गो, रहाटीणी?"

"आत्येसासू."

"ती गेल्या महिन्यात मारलीस. माझं नाव घाल. मी मेल्यावर माझं सुतक धरायला कोण हाय? जिवंतपणी तरी कुणाच्या कामाला येऊ दे."

"नाय चालत, आजी. तुम्ही आमच्या भावकीत नाय. नियमात बसत नाय."

आजी बोळकं पसरून हसायच्या.

इंदूआजी गेल्या, त्या गणपतीच्या आधीच्या आठवड्यात, सकाळी, सिस्टरांच्याच पाळीत. पुतण्याला फोन लावला. "तुम्हीच उरकून घ्या," म्हणाला. आम्ही उरकलं. सिस्टर रडल्या नाहीत. गादी उन्हात टाकली, नवी चादर घातली, आणि आजींचा कप विसळायचा राहिला म्हणून कामवाल्या मावशींना झापलं. बाई दगड आहे, असं मी त्या दिवशी घरी जाऊन सांगितलं.

मग चतुर्थी आली. कोकणात चतुर्थीला ड्युटी कर म्हणून विचारणं म्हणजे शिवी देणं. तरी मी बाकी सगळ्यांना विचारलं. सगळ्या नाही म्हणाल्या. रहाटे सिस्टरना विचारलंही नाही; भर सणाला कुणाचा तरी जीव कशाला घ्यायचा? शर्टाच्या बाह्या दुमडून मी सकाळी स्वतःच वॉर्डात शिरलो, तर सिस्टर गणवेशात उभ्या, आज्यांच्या वेण्या घालत होत्या.

"तुम्ही? आणि घरचा गणपती?"

"मोठ्या दिरांकडे आहे. मी समोर गेले नाय."

"का?"

"सुतक आहे."

मला हसू फुटलं. सवयच झाली होती. "आता कोण गेलं? काका तिसऱ्यांदा?"

त्या हसल्या नाहीत. खिडकीजवळच्या रिकाम्या खाटेकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि हातातली वेणी पुरी केली.

माझ्या हातात सगळ्यांसाठी आणलेला मोदकांचा डबा होता. तो मागे घ्यावा की पुढे करावा, कळेना. काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "पण सिस्टर, सुतकात जादा ड्युटी तुमच्या नियमात बसत नाही ना?"

"सुतक कुठे धरतात, भाऊ? गेलेल्याच्या घरीच ना? मग मी आलेय की घरी." त्यांनी माझ्या हातातून डबा घेतला, बाकीच्या आज्यांना एकेक मोदक वाढला, स्वतः बोटही लावलं नाही, आणि रिकामा डबा मला परत दिला.

"आणि हो, हे सुतक फिटलं की मग फोन करा जादा ड्युटीला," त्या म्हणाल्या. "तोवर कुणालाच मारायचं नाय मला."