रेघेशेजारचा सर्जेराव

आमच्या घरी कुणी आलं की आधी पाणी मागतं. सर्जेराव आला की आधी पंखा बंद करतो. मे महिन्यातली सांगली, दुपारचे तीन, माझ्या अंगात नुसता बनियन, आणि हा माणूस चपला काढायच्या आधी बटणाकडे हात नेणार. "वारं लागतंय," म्हणणार. कुणाला? तर शटलला. शटल कुठं आहे? कुठंच नाही. पण बॅडमिंटनच्या हॉलमध्ये पंखा लावत नाहीत, शटल वाऱ्यानं वाहवतं, आणि आपल्याला त्याची सवय राहिली पाहिजे, असं त्याचं म्हणणं. एकदा त्यानं साहेबांच्या केबिनमध्ये हा उद्योग केला. त्यांनी त्याचं टेबल उचलून जिन्याखाली टाकलं. तिथं पंखाच नव्हता. गडी खूश.

आम्ही दोघं पाटबंधारे खात्यात कारकून. तो विट्याकडचा. त्याच्या गावची निम्मी पोरं सोनं गाळायच्या धंद्यात देशभर पांगली, आणि हा कोयनानगरला येऊन माझ्या शेजारच्या टेबलावर बसला. कोयनेच्या वसाहतीत पावसाळ्यात करायला काही नसायचं, म्हणून आम्ही क्लबात रॅकेट धरली ती वीस वर्षं डबल्सचे जोडीदार राहिलो. एकदा गेम रंगात असताना भूकंपाचा धक्का बसला. आम्ही सगळे मैदानात पळालो. सर्जेराव आतच उभा. नेट हललं म्हणून 'लेट' मागत होता, म्हणजे पॉइंट पुन्हा खेळायचा.

पुढं दोघांची बदली सांगलीला झाली आणि दोघांनी मिळून लाइनमनची परीक्षा दिली. लाइनमन म्हणजे विजेच्या खांबावरचा नव्हे. कोर्टाच्या रेघेशेजारी खुर्ची टाकून बसायचं आणि शटल आत पडलं की बाहेर ते सांगायचं. बाहेर असेल तर दोन्ही हात पसरायचे. आत असेल तर बोट रेघेकडे, तोंड बंद. दिसलंच नसेल तर दोन्ही हातांनी डोळे झाकायचे. पास झाल्यापासून सर्जेरावाचं निम्मं बोलणं हातानंच व्हायला लागलं. भाजीवालीनं भाव सांगितला की हा दोन्ही हात पसरायचा. साहेबांनी माझ्याबद्दल विचारलं, 'हे बापू चार वाजताच घरी गेले काय हो?' यानं डोळे झाकले. त्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे, पण तेवढ्यापुरताच.

कारण, आता सांगूनच टाकतो, मी त्याच्यावर जळायचो. लेखी परीक्षेत मला त्याच्यापेक्षा जास्त मार्क. इंग्रजी माझं बरं. अक्षर माझं मोत्यासारखं. आणि अठ्ठ्याण्णव साली बँकॉकच्या एशियाडला बसायचं पत्र कुणाला आलं? जिन्याखालच्या टेबलाला.

त्याचं कारणही मला ठाऊक होतं. आदल्या वर्षी सांगलीत राज्य स्पर्धा झाली. फायनलला आपल्याच गावचा पोरगा. शेवटच्या पॉइंटला त्याचं शटल रेघेजवळ पडलं आणि सर्जेरावानं हात पसरले. सगळा हॉल त्याच्या नावानं ओरडत होता, कुणीतरी चप्पलही भिरकावली. हा हात पसरून तसाच बसलेला. मी समोरच्या रेघेवर होतो. त्याच्या जागी मी असतो तर गुपचूप आत दाखवलं असतं आणि संध्याकाळी पोराच्या बापाकडं मटण जेवलो असतो. त्या दिवशी बॅडमिंटन संघटनेचे मुंबईचे कोणी पाहुणे पुढच्या रांगेत होते, त्यांनी त्याचं नाव लिहून घेतलं. मी त्याला नंतर विचारलं, जरासुद्धा शंका आली नाही? तो म्हणाला, "दिसलं ते सांगितलं. त्यात शंका कसली?"

पत्र आल्यावर कचेरीत त्याचा सत्कार झाला. भाषण मला करायला लावलं. मी केलं. काय बोललो ते धड आठवत नाही, आवळून धरलेले दात मात्र दुखत होते. घरी आल्यावर बायको म्हणाली, "भाऊजींचा पासपोर्टाचा फॉर्म तुम्हीच भरून द्या हो, त्यांना इंग्रजी कुठं येतं?" भरून दिला. त्याला निरोप द्यायला स्टेशनवर मी गेलो नाही. पोट बिघडलं म्हणून सांगितलं.

आणखी एका गोष्टीवर मी जळायचो. सर्जेराव सडाफटिंग. लग्न नाही, आई मागेच वारली, भाऊ इंदुराकडं कुठंतरी. खानावळीत जेवायचं, उशिरा आलं तरी कुणी विचारणारं नाही. एशियाडला जायला त्याला घरातल्या कुणाचीही परवानगी लागली नाही. मला मिरजेला जायचं तरी दोनदा सांगून जावं लागतं.

रविवारी दुपारी टीव्हीवर बॅडमिंटन दाखवणार असं कळलं आणि सगळी चाळ माझ्या घरात घुसली, कारण रंगीत टीव्ही माझा आणि फोनही माझाच. बायकोनं पातेलंभर पोहे केले. भारताची मॅच नव्हती, आपल्या देशाच्या मॅचला लाइनमनला बसवतच नाहीत. यजमानांचा एक खेळाडू आणि समोर कुणी चिनी. पहिला अर्धा तास सर्जेराव दिसेचना. मग पडद्याच्या कोपऱ्यात दोन गुडघे आणि दोन पांढरे बूट आले. शेजारचे कुलकर्णी मास्तर म्हणाले, "हे आपलेच. बूट मीच बरोबर जाऊन घेऊन दिलेत." त्या बुटांना टाळ्या पडल्या. मीही टाळ्या वाजवल्या, आणि मनात एकच इच्छा धरली की या बुटांचा आज एक तरी निकाल चुकावा. मोठ्ठा चुकावा. जगासमोर चुकावा.

तिसऱ्या गेमला, अगदी शेवटाला, यजमानांच्या पोराचं शटल त्याच्या रेघेवर आलं. कोपऱ्यातून दोन हात पसरलेले दिसले. तो पोरगा रॅकेट टाकून सरळ सर्जेरावासमोर येऊन उभा राहिला, हॉलमध्ये गलका झाला, आणि पोराची मॅच तिथंच गेली. मी पुढं सरसावलो. मग तोच पॉइंट हळू करून पुन्हा दाखवला. शटल रेघेच्या बाहेर, चांगलं दोन बोटं. चाळ नाचायला लागली. मी उठून आत जाऊन पाणी प्यायलो.

तासाभरानं फोन वाजला. बायकोनं घेतला आणि रिसिव्हर माझ्या हातात कोंबला. बँकॉकहून सर्जेराव. आता हा फुशारकी मारणार, म्हणून मी तोंड कडू करूनच 'हॅलो' म्हणालो.

"बापू," तो म्हणाला, "तू बघितलंस न्हवं? आत व्हतं का भाईर?"

मला आधी कळेचना. मग तो सांगत सुटला. त्या पोरानं जवळ येऊन डोळ्यात बघितलं, तवापासनं त्याला कायबी सुचत नव्हतं. जेवण गेलं नव्हतं. बाकीचे लाइनमन आपापल्या भाषेत बोलत बसले होते आणि मधेच त्याच्याकडं बघत होते. "हितं कुणाला इचारू रं?" तो म्हणाला. "तुझा डोळा माझ्यापरास चांगला. तू सांगशील ते खरं."

वीस वर्षं माझ्या बाजूला शटल पडलं की तो मलाच विचारायचा, आणि मी सांगेन ते मानायचा. आताही मानणार होता. मी 'आत होतं' म्हणालो असतो तर त्यानं विश्वास ठेवला असता, आणि जन्मभर पुन्हा त्या खुर्चीत बसला नसता. हे मला त्या क्षणी स्वच्छ कळत होतं. आणि लाज वाटते सांगायला, पण मी जरा वेळ गप्प राहिलो.

"बापू?"

"बाहेर होतं," मी म्हणालो. "दोन बोटं बाहेर. पुन्हा दाखवलं टीव्हीवर, सगळ्यांनी बघितलं."

पलीकडून मोठा श्वास सुटल्याचा आवाज आला. मला वाटलं आता ठेवेल. फोनचे पैसे काय थोडे होतात तिकडून? पण त्यानं ठेवला नाही. म्हणाला, "मागं कोण बोलतंय?"

"चाळ आहे सगळी. तुला बघायला आली होती."

"आठ दिवस झालं, मराठी कानावर न्हाई," तो म्हणाला. मग, "तशी सांगलीत खोलीवरबी कुठं असती म्हणा. एक काम कर. फोन टेबलावर ठिव. तुमी बोला आपसात."

मी रिसिव्हर टेबलावर आडवा ठेवला आणि सर्जेराव ऐकतोय म्हणून सगळ्यांना सांगितलं. झालं, सगळे चिडीचूप. कुलकर्णी मास्तरांनी तर टोपी नीट केली. शेवटी मीच बोलायला लागलो. मी, ज्यानं सत्काराच्या भाषणात त्याचं नाव जेमतेम दोनदा घेतलं होतं, तो टेबलाजवळ वाकून मोठ्यानं सांगायला लागलो, की असला निकाल द्यायला छाती लागते, सगळा हॉल अंगावर आला तरी हा हलला नाही, मला हे जमलं नसतं. बायको माझ्याकडं बघतच राहिली. मग तिनं पोह्याचा विषय काढला, मास्तर बुटांवर बोलले, आणि घरात नेहमीसारखा कलकलाट सुरू झाला.

बऱ्याच वेळानं मी रिसिव्हर कानाला लावला. तो होताच.

"कोण कोण हाय तिथं?" त्यानं विचारलं. "नावं सांग की."

मी खुर्ची ओढून बसलो आणि एकेकाचं नाव सांगत गेलो.