डॉक्टरीणबाईच्या अंगात आलं!

"तू फकस्त बघ माय, मी पुनमची कंबर कशी नीट करून आणतो ते!" असं व्यंकटनं छाती काढून सांगितलं. तिथंच सगळं बिघडलं.

जळकोटच्या शाळेतला हा मास्तर. त्याची बायको पुनम बाळंत होऊन किनवटच्या माहेराहून परतली आणि तिची कंबर धरली. उठताना "आई गं", बसताना "आई गं"! त्यात लेकरू चांगलं गुटगुटीत. पाळण्यातून उचलायला वाकली की पुनम तिथंच अडकायची. मग लेकरू रडायचं आणि त्याच्यासंगं तीही रडायची. स्वतःचं बाळ स्वतःला उचलता येईना, ह्याच्यापेक्षा वाईट काय असतं? व्यंकटला ते बघवेना.

त्यानं चौकशी केली. लातूरला डॉक्टर उज्वला म्हणून एक ऑस्टिओपॅथ होत्या. गोळी न्हाई, सुई न्हाई, बाळंतिणींची दुखणी नुसत्या हातानं बरी करायच्या.

"हात ठेवून बरं करतेत, माय," एवढंच त्यानं आईला, धोंडाबाईंना सांगितलं.

"मंग मीबी येते," म्हणत धोंडाबाईंनी पिशवी भरली. पिशवीत काय हाय, हे विचारायचं मास्तरला सुचलं न्हाई!

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पुनमला झोपवलं, तिच्या कंबरेखाली हात सरकवले आणि डोळे मिटले. दाबणं न्हाई, चोळणं न्हाई. सगळं चिडीचूप!

व्यंकट गोंधळला. "माय, ह्यांना झोप लागली का काय?"

"गप! अंगात यायलंय!" धोंडाबाई कुजबुजल्या. आणि व्यंकटनं हां हां म्हणेपर्यंत पिशवीतून हळदकुंकू, लिंबू, नारळ, सगळं बाहेर! डॉक्टरीणबाईंच्या कपाळावर ठसठशीत कुंकू टेकलंसुद्धा.

बाईंनी एक डोळा उघडला. "अहो, हे काय?"

"बोल आई, बोल!"

बाईंना काही उमजेना. पण हात पुनमच्या कंबरेखाली, काढायचे कसे? त्यांनी डोळा मिटून आपलं काम पुढं चालवलं. "डावीकडं सगळं आवळून आलंय. घरात जड कोण उचलतं?"

धोंडाबाईंना घाम फुटला. देवीला नळावरचे हंडेबी दिसले! "चुकलं गं आई! मीच तिला पाणी भराया लावलं. आम्हीबी भरलं म्हणून लावलं. तुझी ओटी भरते, पण सुनंला माझ्या मोकळी कर!"

"ह्या कुणाशी बोलतायत?" डॉक्टरीणबाईंनी व्यंकटला विचारलं.

"तुमच्याशीच. म्हणजे तुमच्याशी न्हाई..." व्यंकट पंख्याकडं बघायला लागला.

"बरं, आता पाणी नवऱ्यानं भरायचं. जड उचलायचं तेबी त्यानंच. हिला मी व्यायाम देते, तो रोज झाला पाहिजे."

"हुकूम आई!" म्हणत धोंडाबाईंनी तिथंच फरशीवर डोकं टेकलं.

बाहेर आल्यावर व्यंकटनं तोंड उघडलं, "माय, अगं त्या डॉक्टर..." तेवढ्यात पुनमनं त्याला करकचून चिमटा काढला.

"अहो, गप बसा की! डॉक्टरचं कधी ऐकलंय का आत्याबाईंनी? देवीचं ऐकायल्यात, ऐकू द्या!"

झालं! मास्तर हंडे वाहायला लागले. धोंडाबाई दारात उभ्या. "सांडू नको रे, आईचा हुकूम हाय!" गल्लीतल्या बायका तर पदरात तोंड लपवून हसायच्या. इकडं पुनमचा व्यायाम चालू, अधूनमधून लातूरची फेरीही चालू.

मग एका सकाळी लेकरू रडलं, पुनम वाकली आणि तिनं ते अलगद उचलून छातीशी धरलं! कुठं "आई गं" न्हाई की काही न्हाई. ती हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. व्यंकट खांद्यावर हंडा घेऊन दारात उभा, त्याचेही डोळे भरून आले. लेकराला घ्यावं म्हणून त्यानं गर्रकन वळून हंडा खाली ठेवला आणि... कट्!

लातूरचा तोच दवाखाना, तीच कॉट. आता तिच्यावर मास्तर आडवे. डॉक्टरीणबाईंनी कंबरेखाली हात घातले आणि डोळे मिटले.

"डावीकडं आवळून आलंय. घरात जड कोण उचलतं?"

धोंडाबाईंनी पदर सावरून हात जोडले.

"हाच की, आई! तूच न्हवतं का सांगितलं?"