अर्ध्या डब्याची हकीगत

श्रीकुलस्वामिनी साक्ष, चुलीतला अग्नी साक्ष. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, आश्विन वद्य द्वादशीचे दिवशी एके राज्यी जे वर्तले, ते ऐकिले तैसे लिहिले. अधिक उणे लिहिणाराचे माथी.

राज्य म्हणावे तर तीन खोल्यांचे, परंतु राज्यच. राजे नोकरीच्या मोहिमेवर सदा परमुलखी, आणि कारभार सारा राणी मृणालिनीबाईसाहेबांचे शिरी, आणि पोटी एकच कन्यारत्न, शर्वरीबाई, वय आठ, मोठी गोड आणि बडबडी. तिजला शेंगदाणा वैरी. तिसरे वर्षी कोणा घरी बारशास लाडवाचा कण पोटी गेला, तो मुख सुजले, श्वास कोंडला, वैद्यांनी सुई टोचून कसेबसे माघारी आणिले. मग बाईसाहेबांनी मनी धरिले की, दाणा उघड्या रूपे येईल तर ओळखू, परंतु हा तर वेष पालटून येतो! बिस्किटात शिरतो, मसाल्यात शिरतो, तेलात मुरतो. आणि हे मेले पुडेवाले, पुढे राजवाड्याएवढे चित्र काढितात आणि आत काय घातले ते मागे मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरी लिहितात. म्हणोन बाईसाहेबांनी भिंग आणविले, आणि शिरस्ता घातला की, कोणताही पुडा उंबऱ्यावर थांबेल, मागची अक्षरे वाचिली जातील, मगच आत येईल. ओळखीचा पुडा जाहला तरी दर खेपेस नव्याने वाचावा. लोक हसले, सोयरे रुसले, कोणी म्हणाले, फारच बाऊ करिते बाई. बाईसाहेबांनी ऐकिले आणि सोडून दिले. आणि कन्येसही ऐसे वळण लाविले की, आईस पुसल्यावाचून घास उचलीत नसे.

दिवाळी तोंडावर आली, तेव्हा राजांच्या वडील भगिनी सुलभाताईसाहेब चार दिवस आधीच कामास हातभार लावावयास आल्या. बाई कष्टाळू, भाचीवर जीव टाकणारी. भाचीसाठी म्हणोन त्यांनी आपले घरीही दाणा बंद केला होता, हे लिहिणे प्राप्त आहे. राज्याची चाल ऐशी की, सणास घरात डबा रिता दिसू नये. उणा दिसला की वरून भर घालावी, झाकण लावावे आणि पुडा केरात टाकावा. हे कोणी कोणास शिकवीत नाही, हातच करितात. द्वादशीचे सकाळी बाईसाहेब बाजारी गेल्या, आणि ताईसाहेबांनी फडताळ पुसावयास घेतले, तो लसणीच्या चटणीचा डबा अर्धा. चटणी म्हणजे खोबरे, लसूण, तिखट, त्यात दाण्याचे काय काम, ऐसे मनी आले, किंवा काहीच मनी आले नाही. खालच्या दुकानातून पुडा आणिला, जुन्यावर ओतिला, डबा भरला. लाल त्यात लाल मिळाले.

दोनप्रहरी बाईसाहेब आल्या, भाकऱ्या टाकिल्या, आणि कन्येचे पानात भाकरी, तेल आणि चटणी आपले हाताने वाढिली. कन्येने नेमाप्रमाणे पुसिले, "आई, ही खाऊ?"

"खा गं. आपल्याच डब्यातली आहे."

मग कन्येने खाल्ले. दोन घास जाहले आणि म्हणाली, गळ्यात खाजते. बाईसाहेबांनी तोंडाकडे पाहिले आणि उमजल्या. वैद्यांनी घरी ठेवावयास दिलेली सुई काढिली, मांडीत टोचिली, लेक उचलिली आणि धावल्या. वाटेत क्षणभर उतार पडलासा वाटला, लेकीने डोळे उघडिले, आईचा पदर धरिला. आणि वैद्यशाळेचे दार दिसते न दिसते तो मूठ सुटली. वैद्यांनी फार यत्न केले. काय लिहावे, लेखणी जड होते. शर्वरीबाई गेली.

राजे मोहीम टाकोन आले, अग्निसंस्कार जाहला. मग ताईसाहेबांस डबा स्मरला. त्या उठल्या, केराच्या पिशवीतून तो पुडा काढिला, आणि वहिनीचे पुढे ठेवून, तोंडात पदर कोंबून बसल्या. बाईसाहेबांनी सवयीने भिंग घेतले. भिंगाचे काम नव्हते. शेंगदाणा, ऐसे ठळक अक्षरी, स्वच्छ मराठीत, यादीत दुसऱ्याच क्रमांकी. कोणी काही लपविले नव्हते. बाईसाहेबांनी ते पुन्हा पुन्हा वाचिले. ताईसाहेब म्हणाल्या, मला दोन थोबाडीत मार, पण काही तरी बोल.

तेव्हा बाईसाहेब भिंग खाली ठेवून बोलल्या, "वन्सं, डबा तुम्ही भरलात. खा म्हणाले ती मी."

मग दोघी एकमेकींचे गळां पडोन रडल्या, आणि राजे दारात उभे राहिले, त्यांस आत येववेना.

एवंच, पुड्यांशी युद्ध पाच वर्षे चालिले, त्यात बाईसाहेब एकदाही हरल्या नाहीत. घात घरच्या डब्याने केला. दोष कोणाचा, हे पुष्कळांनी पुसिले. लिहिणारास सांगवत नाही. त्या घरी आता कोणी विचारून जेवीत नाही.