किल्ला आणि सासूबाई

दुकानात बसून बसून पोट सुटलं म्हणून चष्मेवाले कराटेच्या क्लासला जाऊ लागले. वर्षभरात पोट होतं तिथेच राहिलं, छाती तेवढी फुगली. त्यात सरांनी नवा काता शिकवायला घेतला. काता म्हणजे समोर नसलेल्या शत्रूशी ठरलेल्या क्रमाने करायची मारामारी.

"ह्याचं नाव बास्साई," त्यांनी जेवताना जाहीर केलं. "म्हणजे किल्ल्याला खिंडार पाडणं."

"हातवारे नुसते," आठवडाभरासाठी आलेल्या सासूबाई म्हणाल्या. "त्यात कसला आलाय किल्ला."

हे फार जिव्हारी लागलं.

रविवारी सासूबाई बाथरूममध्ये अडकल्या. आतली कडी हलेना. बायको सुताराला फोन लावायला निघाली, तर चष्मेवाल्यांनी तिला अडवलं.

"सुतार कशाला? आई, मागे सरका. दार फोडतो."

"जावईबापू, थांबा जरा, मी काय म्हणते..."

थांबतात कसले! पवित्रा घेतला, अशी आरोळी ठोकली की शेजारचं कुत्रं खाटेखाली गेलं, आणि लाथ घातली. फायबरचं दार ते. पाय आरपार गेला आणि गुडघ्याच्या वर रुतून बसला. दार मात्र जागचं हललं नाही.



"पाय पोचला," सासूबाई म्हणाल्या. "बाकीचे कधी येणार?"

पाय मागे ओढावा तर फायबरची धार टोचे. बायकोने कपाळावर हात मारला आणि थेट सरांनाच फोन लावून स्पीकर चालू केला.

"बास्साईचा अर्थ काय सांगितला होता?" सरांनी विचारलं.

"खिंडार पाडणं," चष्मेवाले कण्हले.

"कच्ची बाजू हेरून, असंही म्हणालो होतो. दार उघडतं कुठल्या बाजूला?"

"बाहेर," आतून उत्तर आलं. "मघापासून तेच सांगतेय. जगाला चष्मे देता, बिजागऱ्या दिसल्या नाहीत? आता धक्क्याने कडी सुटलीय. बाजूला व्हा."

बाजूला होणार कसे? दार उघडलं, तसे चष्मेवाले त्याच्याबरोबर एका पायावर लंगडी घालत भिंतीला जाऊन टेकले. डोक्याला टॉवेल गुंडाळलेल्या सासूबाई शेजारून निघून गेल्या.

सोमवारी सरांनी त्यांना पुन्हा पहिल्या कातावर आणलं. हेइआन. अर्थ, शांत मन.

"किती दिवस चालतं हे शांत मन?" सासूबाईंनी विचारलं.

"वर्षभर तरी," ते मान खाली घालून म्हणाले.

"मग काळजी नाही," सासूबाई लेकीला म्हणाल्या. "तोवर राहते मी इथेच."