एकतीस नंबरची कोरडी बाटली

ज्याला पोट आहे त्याला वारा धरतो, आणि धरलेला वारा कुठून तरी सोडावाच लागतो. हा नियम माणसाला लागू आहे तसाच ट्रकच्या डिझेल इंजिनालाही आहे. फरक एवढाच, की इंजिन वारा सोडून शेजारच्याकडे बघत नाही.

इंजिनात पिस्टन वरखाली पळतो आणि त्याच्या अंगावर रिंगा असतात. रिंगा कितीही घट्ट असल्या तरी जळलेला वायू थोडासा खाली, तेलाच्या पोटात निसटतोच. तो कोंडून ठेवला तर सीलं फाटतात, म्हणून त्याला बाहेर पडायला एक नळी दिलेली असते. तिला ब्रीदर म्हणतात. रिंगा ठणठणीत असतील तर ब्रीदरमधून नुसती झुळूक येते. झिजल्या असतील तर धूर येतो आणि धुराबरोबर तेलही येतं. म्हणजे ब्रीदर जितकं जास्त ओकेल तितकं इंजिन आजारी. ज्यांना एवढं समजलं त्यांना पुढची गोष्ट समजेल. ज्यांना समजलं नाही त्यांना डेपोचा व्यवस्थापक होता येईल.

गाडी बनवणाऱ्यांनी ही नळी इंजिनाच्या हवा घेण्याच्या तोंडातच नेऊन जोडली होती. थोडक्यात, इंजिनाने आपला ढेकर आपणच गिळायचा. बेचाळीस ट्रकांच्या त्या डेपोतल्या मिस्त्रीला हे पटेना. आत काळा चिकटा साचतो, गाडीची ओढ कमी होते, अशी त्याची तक्रार होती (तक्रार खरी होती, म्हणून तिची दखल घ्यायला अडीच वर्षं लागली). शेवटी मंजुरी आली. मिस्त्रीने बेचाळीस नळ्या तिथून काढल्या, चासीच्या कडेकडेने खाली नेल्या आणि केबिनच्या मागे मोकळ्यावर सोडल्या. काम इतकं झकास झालं, की वर्षभर त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

मग मोठे साहेब पाहणीला येणार असं कळलं आणि डेपोच्या आवारात पांढरीशुभ्र फरशी बसवण्यात आली. (ट्रकच्या डेपोत पांढरी फरशी कशाला, असं कुणी विचारलं नाही. जो विचारणारा होता तो रजेवर होता.) नळ्यांच्या टोकांतून फरशीवर थेंब पडायला लागले तसं व्यवस्थापकांच्या तोंडचं पाणी पळालं. मिस्त्रीने प्रत्येक टोकाला पाण्याची एकेक रिकामी बाटली तारेने बांधून दिली आणि सांगितलं, एवढा एक दिवस जाऊ द्या, उद्या काढून टाकतो.

मोठे साहेब आले. फरशीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. ते बाटल्यांपाशी थांबले आणि आत काय आहे असं विचारते झाले. व्यवस्थापकांना इंजिनातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण साहेबांतलं सगळं कळत होतं. ते म्हणाले, "वाया जाणारं तेल आम्ही परत मिळवतो, सर."

बाटल्या दुसऱ्या दिवशी निघाल्या नाहीत. आठव्या दिवशी परिपत्रक मात्र निघालं. 'पुनर्प्राप्त तेल योजना' असं त्याचं नाव. बाटल्यांना क्रमांक पडले, अंगावर मापाच्या रेघा आल्या, आणि त्या वाचायला एक बाटली लिपिक नेमला गेला. त्याच्या नोंदवहीत पाच रकाने होते: क्रमांक, पातळी, रंग, वास आणि शेरा. पहिल्या तिमाहीत एकशे ऐंशी लिटर काळा रस जमा झाला. त्याचं करायचं काय, हे परिपत्रकात नव्हतं. म्हणून तो डेपोच्या फाटकाच्या बिजागऱ्यांना घालण्यात आला. (फाटक आता फुंकरीनेही उघडतं, त्यामुळे रखवालदार ते दोराने बांधून ठेवतो.) आलेखाची रेघ वर गेली पाहिजे, या तत्त्वाला धरून पुढचं उद्दिष्ट तिप्पट ठरलं: दर गाडीला दर दिवशी दीडशे मिलिलिटर.

योजनेने डेपोत नवचैतन्य आणलं, हे तिच्या शत्रूंनाही मान्य करावं लागेल. सतरा नंबरची गाडी, जिच्या मागचा माणूस धुरात स्वतःचा हात पाहू शकत नसे, तिला 'आदर्श वाहन' ठरवण्यात आलं. तिच्या ड्रायव्हरला सगळे धुराडं म्हणत. थंड इंजिन खच्चून रेटण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. आजवर तीन इंजिनं त्याने खाल्ली होती. आता त्याचा फोटो कार्यालयात लागला. इंजिन दुरुस्तीचे सात अर्ज फेटाळले गेले, कारण दुरुस्तीमुळे 'उत्पादनावर विपरीत परिणाम' झाला असता. उरलेले चार अर्ज ड्रायव्हरांनी शहाण्यासारखे स्वतःच मागे घेतले.

या सगळ्यात नडला तो एकतीस नंबरचा ड्रायव्हर. सकाळी गाडी चालू केली की हा दोन मिनिटं तशीच ठेवायचा, तेल सगळीकडे पोचू द्यायचा. परत आल्यावर बंद करण्याआधीही दोन मिनिटं थांबायचा. म्हणून त्याला दोनमिनिटे म्हणत, आणि नव्या माणसांना ते आडनावच वाटे. अकरा वर्षं तो तीच गाडी चालवत होता. चढावर तिचा जीव काढायचा नाही, तेल बदलायचा दिवस चुकवायचा नाही, हे त्याचं व्रत होतं. गाडीवर त्याची माया होती आणि ते सांगायला तो लाजत नसे. त्याच्या बाटलीत महिन्याभरात चमचाभर तेल जमलं आणि त्यात एक डास होता. लिपिकाने शेरा लिहिला: 'डास वजा जाता निरंक.'

मग नोटीस आली. उपरोक्त विषयास अनुसरून आपणास कळविण्यात येते की, आपल्या वाहनाची बाटली सातत्याने कोरडी आढळत असून, त्याबाबत तीन दिवसांत लेखी खुलासा करावा. दोनमिनिटेने एका ओळीत खुलासा केला, की इंजिन चांगलं आहे. व्यवस्थापकांनी त्यावर लाल शाईने लिहिलं, की हा खुलासा नसून बढाई आहे. पुढच्या महिन्यात उद्दिष्ट गाठलं नाही तर एकतीस नंबर धुराडंच्या ताब्यात देण्यात येईल, कारण तेल काढण्याचा त्यांना दांडगा अनुभव आहे; आणि दोनमिनिटे फाटकावर बसेल.

फाटकाचं त्याला काही नव्हतं. पण आपली गाडी त्या धुराडंच्या हातात जाणार, सकाळी सकाळी तो तिला थंडच खच्चून पिळणार, हे मनात आलं की तो भरल्या ताटावरून उठे.

तो मिस्त्रीकडे गेला. मिस्त्रीने इंजिन चालू ठेवलं, तेल भरण्याचं झाकण काढलं आणि त्याच भोकावर उलटं ठेवलं. झिजलेल्या इंजिनावर हे झाकण टणाटणा नाचतं. इथे ते हललं नाही. मिस्त्रीने त्यावर एक काडी ठेवली, तीही पडली नाही. मिस्त्रीने काडी उचलून खिशात टाकली.

"ती बाटली मी एका दिवसासाठी बांधली होती रे," मिस्त्री म्हणाला.

मग त्याने हळू आवाजात वस्तुस्थिती सांगितली. कोरड्या बाटलीवाले आणखी तिघे होते. त्यांनी चहाचा चोथा घालून बघितला, पण लिपिक आता बोट बुडवतो. बाहेरचं तेल आणावं तर रखवालदार डबे हुंगतो. भांडारातून घ्यावं तर जितकं घ्याल तितकं बाटलीतून वजा. सगळ्या वाटा बंद होत्या. एकच मोकळी होती आणि ती इंजिनाच्या तळाशी, तेल सोडायच्या बोल्टापाशी होती.

दुसऱ्या दिवसापासून दोनमिनिटे रोज पाना घेऊन गाडीखाली शिरायला लागला. बोल्ट अर्धा आटा सैल करायचा, दीडशे मिलिलिटर चांगलं तेल बाटलीत घ्यायचं, बोल्ट आवळायचा. बाटली कार्यालयात जमा. वरून भर घालायची सोय नव्हती, कारण वजाबाकी. बोटांचा वास बायकोला कळला. तिने खोदून खोदून विचारलं तेव्हा त्याने सगळं सांगितलं. ती भाजी चिरायची थांबली.

"म्हणजे धडधाकट माणसाचं रोज रक्त काढायचं," ती म्हणाली, "आणि दवाखान्यात सांगायचं, बघा हा किती आजारी आहे!"

दोनमिनिटे म्हणाला, गाडी तरी आपल्याकडे राहील. भाजी त्या दिवशी फार बारीक चिरली गेली.

महिना संपला आणि गाडी त्याच्याकडेच राहिली. 'लक्षणीय सुधारणा' असा शेरा मिळाला. दुसऱ्या महिन्यात तेल मोजायच्या पट्टीची खालची खूण कोरडी पडली. तेल बदलायच्या दिवसाला आधीच तारीख पुढची मिळाली होती (उत्पादनक्षम वाहनांचं तेल बदलू नये, असा नवा नियम आला होता). एकदा लांबच्या चढावर लाल दिवा लुकलुकला. त्याने गाडी बाजूला घेतली, इंजिन निवेपर्यंत बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला, तिची माफी मागितली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाना घेऊन खाली शिरला.

तिसऱ्या महिन्यात एका सकाळी तो असाच खाली शिरला आणि थबकला. बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती. काल सकाळी त्याने ती रिकामी करून बांधली होती. त्याने बाहेर येऊन इंजिन चालू केलं, झाकण उलटं ठेवलं. झाकण नाचायला लागलं.

तो पायरीवर मटकन बसला आणि आपण हिची काय दशा केली, असं म्हणून चक्क रडला. पण थोड्या वेळाने, डोळे पुसताना, त्याच्या ध्यानात एक गोष्ट आली आणि त्याला इतकं हलकं वाटलं, की त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं. आता गाडीखाली शिरायला नको होतं. लपवाछपवी संपली होती. बाटलीत होतं ते खरं होतं, कमावलेलं होतं. पाना त्याने पेटीत टाकला आणि तो ताठ मानेने कार्यालयात गेला. त्याचा फोटो आता धुराडंच्या शेजारी आहे.

तुम्हाला या माणसाचं हसू आलं असेल, किंवा कीव. येऊ द्या. गेल्या आठवड्यात कुणीतरी तुम्हाला कसं काय चाललंय म्हणून विचारलं, आणि तुम्ही कपाळावर आठ्या आणून म्हणालात, अहो, मरायला फुरसत नाही. अगदी खरं बोललात. फक्त जरा आठवून बघा, हे वाक्य तुम्ही अगदी पहिल्यांदा, साहेबांच्या देखत म्हणाला होतात, तेव्हा ते खरं होतं का?