वडिलोपार्जित कोलेस्टेरॉल

भरतच्या अंगावर मूठभर मांस नव्हतं, तरी रिपोर्टात कोलेस्टेरॉल तीनशे दहा आलं. नारायणगावच्या डॉक्टरीणबाईंनी खाण्यापिण्याची उलटतपासणी घेतली. बिचाऱ्याने बाजरीची भाकरी आणि मेथीपलीकडे काही कबूल केलं नाही. मग बाईंनी वडिलांचं विचारलं.

"आबा चव्वेचाळिसाव्या वर्षी गेलं. छातीत कळ आली आन टोमॅटोच्या वाफ्यातच बसलं."

"मग हे वडिलोपार्जित आहे. तुमचं गोळ्यांनी आटोक्यात राहील. पण बहीण आहे ना? तिच्यातही असण्याची शक्यता निम्मी. तिला लगेच तपासा."

अडचण इथंच होती. थोरली बहीण भागूअक्का निमगाव सावाला दिलेली. चार वर्षांपूर्वी तिने आबांच्या जमिनीच्या हक्कसोडपत्रावर सही केली, आणि तेव्हापासून ती भावाशी कामापुरतंच बोलायची. पण अक्काही आबांसारखी गेली तर, या विचाराने त्याला राहवेना. त्याने फोन लावला.

"अक्के, आबांचं येक निघालंय. वडिलोपार्जित हाय. निम्मं तुज्याकडंबी आसंल म्हणत्यात. उद्या सकाळी आधार कार्ड घिऊन नारायणगावला ये, ष्टँडमागच्या लॅबवर. आन उपाशी ये."

कोलेस्टेरॉल हा शब्द जिभेला जड, म्हणून त्याने शेवटासाठी राखून ठेवला होता. तेवढ्यात रेंज गेली.

"जमीनच निघाली आसंल," तिकडे निमगावात अक्काचा नवरा सावळेराम म्हणाला.

"मंग लॅबवर कशाला? आन उपाशी कशाला बोलावलंय?"

"लॅब खुणेला सांगितली आसंल. आन हाटेलात जेवाय घालणार आसंल. वाटा द्यायचा म्हंजी येवढं करावंच लागतं."

दुसऱ्या दिवशी जीपमधून अक्का काठपदराच्या लुगड्यात उतरली. मागे इस्त्रीच्या सदऱ्यात सावळेराम, हातात जुना सातबारा, आणि निमगावचे दोन साक्षीदार, तेही उपाशी. भरत अजून पोचायचा होता. लॅबच्या पोरीने अक्काला खुर्चीत बसवलं.

"सही कुठं करायची?"

"सही नको मावशी, मूठ आवळा."

सुई आत गेली तशी अक्का नवऱ्याकडे वळली. "आता रक्तानं लिहून घेत्यात व्हय?"

भरत धापा टाकत आला आणि त्याने सगळं सांगितलं. सावळेरामने सातबारा हळूच खिशात सारला. साक्षीदारांनी मात्र, उपाशी आलोच आहोत तर, म्हणून आपलंही रक्त देऊन टाकलं.

"म्हंजी वाटणीचं काय न्हाईच?" अक्काने विचारलं.

"न्हाई गं. आबांचं कुणी तपासलंच नव्हतं. तुला काय झालं तर मी कुणाकडं बघू?"

दंडावरचा कापूस दाबत अक्काने भावाला शेजारच्या खुर्चीत जागा करून दिली.

दुपारी रिपोर्ट आला. तीनशे चाळीस. बाईंनी तिलाही त्याच गोळ्या लिहून दिल्या, रोज एक, न चुकता.

"तुजं किती रं?" अक्काने विचारलं.

"तीनशे धा."

अक्काने दोन्ही कागद पुन्हा एकदा ताडून पाहिले. मग आपला नीट घडी करून पिशवीत ठेवला आणि समाधानाने नवऱ्याला म्हणाली,

"बगा. आबांनी पोरापरीस मला जास्त दिलंय."